खांबाखालचा कोळसा

ज्योतीराम वायरमन कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावायचा. खांबाला, स्विचला, लोखंडी खुर्चीला आणि सवयच जडल्यामुळे चहाच्या कपालासुद्धा. आमच्या ओसरीवर त्याला पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा त्याने बोटांच्या पाठी कपाला टेकवल्या, क्षणभर थांबला आणि मग कप उचलला. मला वाटलं, आमच्या भांड्यांचा याला विटाळ वाटतोय की काय. मी मनातल्या मनात त्याला भरपूर नावं ठेवली. पुढे कळलं ते असं, की पालथ्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागे येतो, आणि तळहाताने धरलं तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. ज्या उस्तादाने त्याला हे शिकवलं, तो स्वतःच एके दिवशी मूठ आवळून गेला होता. हेही ज्योतीरामने सांगितलं ते फार उशिरा, कारण बोलणं हे त्याचं कामच नव्हे अशी त्याची समजूत होती.

तो मूळचा माण तालुक्यातला, पाण्याच्या दुष्काळातला. पुण्यात एका ठेकेदाराकडे वायरी ओढता ओढता शिकला, नंतर पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागला आणि कासारवाडीला स्टेशनजवळ एका खोलीत राहू लागला. बायको आणि मुलगी गावी. सुट्टीच्या दिवशी तो आसपासच्या घरांमध्ये दिवे बसवून द्यायचा. त्याच्या स्वतःच्या गावात तेव्हा वीज पोचलेली नव्हती, आणि बायकोने अजून एकदाही बल्ब पेटलेला पाहिला नव्हता. हे तो हसून सांगायचा, पण मला ते हसू काही पटायचं नाही.

मी कासारवाडीच्या शाळेत शिक्षिका होते. नवरा खडकीला नोकरीला. आम्ही सोजराबाईंच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. गावाला तर मला पाहिलं की तेवढंच आठवायचं.

सोजराबाई जुन्या शेतकरी घरातल्या. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ, आणि मनाने कशा ते समजायला मला तीन वर्षं लागली. त्यांचा नवरा त्यांच्याच अंगणात गेला होता. दिवेलागणीला म्हशीला पेंड घालायला निघाला, गोठ्याच्या वाटेवर सापावर पाय पडला, आणि साप कुठला होता हेसुद्धा अंधारात कुणाला दिसलं नाही. म्हणून सत्तावन सालच्या माघात आमच्या आळीत वीज आली आणि सगळ्यांनी हौसेने माजघरात दिवे घेतले, तेव्हा सोजराबाईंनी ज्योतीरामला बजावलं, “घरात चिमणी चालंल. दिवा अंगणात पायजे.”

ज्योतीरामने अंगणाच्या मध्यावर लोखंडी नळाचा खांब उभा केला. वर नळाचाच वाकवलेला बाक, त्याला पांढरी थाळी आणि थाळीखाली बल्ब. स्विच आणि सगळी वीज बंद करणारा मेन ओसरीवरच्या लाकडी पाटीवर. मला वाटलं, झालं काम. पण तो दिवा लावायलाच तयार होईना. खांबापासून दोन पावलांवर त्याने कमरेइतका खड्डा खणला. त्यात भोकं पाडलेला एक लोखंडी नळ उभा केला, नळाभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ. मग एक जाड, लांब तार खांबाला छातीइतक्या उंचीवर आवळली, खाली आणून मातीखालून नेली आणि उरलेल्या तारेचे वेढे देऊन तिचं दुसरं टोक त्या नळाला घट्ट बांधलं. खड्डा बुजवला. नळाचं तोंड तेवढं वर राहिलं.

सोजराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. अर्धं पोतं चांगला कोळसा मातीत चाललेला त्यांना बघवत नव्हता. पण मीठ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मीठ न् कोळसा,” त्या म्हणाल्या. “दिव्याला दृष्ट लागू नाय म्हून व्हय रं?”

ज्योतीरामच्या ओठात दोन स्क्रू धरलेले होते. समजावून सांगायचं तर ते काढावे लागले असते, आणि शब्द तर त्याहून अवघड. तो हसला आणि म्हणाला, “तसंच समजा, आक्का. फकस्त उन्हाळाभर त्या नळात रोज तांब्याभर पाणी घालत जावा.”

मी तिथेच उभी होते. मला काही तरी वेगळं आहे एवढं कळलं होतं, पण नक्की काय ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि मास्तरणीने विचारायचं कसं. तेव्हा मीही गप्प बसले. या गोष्टीत ज्या दोघातिघांच्या चुका आहेत, त्यात ही एक माझी.

सोजराबाईंनी पाणी मात्र न चुकता घातलं. सकाळी तुळशीला एक तांब्या, नळाला एक तांब्या, आणि नळाला हळदीकुंकूसुद्धा. संध्याकाळी ओसरीवरचा स्विच खाली करून त्या खांबाला हात जोडायच्या आणि गोठ्याकडे चालू लागायच्या. अंगणभर पिवळा उजेड. गोठ्याच्या वाटेवरचा खडान् खडा दिसायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, “हा दिवा धा वर्सं आदी आला आसता तर.” आणि पेंडेची पाटी उचलून गोठ्याकडे वळल्या.

आषाढात त्यांची रंभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक. सासर तळेगावाकडे. सोजराबाई स्वतः बैलगाडी जुंपून स्टेशनावर गेल्या आणि तिला पोत्यांवर गादी टाकून घेऊन आल्या. रंभाला लग्नाआधी मीच लिहाय-वाचायला शिकवलं होतं. मुलगा झाला, तेव्हा सोजराबाईंच्या पाठोपाठ त्याला हातात घेणारी मी दुसरी. माझ्या दोन जुन्या सुती साड्या फाडून मी त्याची दुपटी-लंगोटी शिवली. बारशाला अर्जुन नाव ठेवलं आणि त्याच्या कानात कुर्र करायचा मान आत्या पावसामुळे पोचू शकली नाही म्हणून मला मिळाला. त्या दिवशी मला वाटलं होतं, देवाने मला नाही दिलं तरी दारातून जाता जाता जरा हातात धरायला दिलं.

मग झड लागली. आठ-दहा दिवस ऊन नाही. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या, आणि स्टेशनाजवळच्या वखारीत कोळसा संपलेला. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी तर सव्वा महिना विझता कामा नये. रंभा थंडीने कुडकुडत होती. सोजराबाईंनी दोन दिवस कसे तरी ढकलले, आणि तिसऱ्या दिवशी कुठून तरी कोळसा आणला. चुलीशेजारी पसरून वाळवला आणि शेगडीत घातला. कुठून आणला हे मी विचारलं नाही. घरात ऊब आली एवढ्यावर मी खूश होते.

तो कोळसा तडतडू लागला.

दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकतात. तडतडाट झाला तर दृष्ट होती, न झाला तर नव्हती, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे तर कुणी मीठ टाकलंच नव्हतं आणि शेगडी नुसती फुटाण्यासारखी तडतडत होती. बाळंतिणीला न्हाऊ घालायला दुर्गाबाई नावाच्या बाई यायच्या. त्यांनी हातातलं तेल खाली ठेवलं.

“न टाकता तडतडतंय,” त्या म्हणाल्या. “म्या चाळीस बाळंतपणं केली, आसं कंदी ऐकलं न्हाई. ही बाहेरची नजर न्हाई. घरातली हाय.”

मी दुधाचा पेला घेऊन दारात उभी होते. दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग रंभाने पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. बाळ दोन दिवस रडत होतं हे खरंच होतं. धुराने रडत असणार, हे आज मला कळतं. त्या वेळी खोलीत कुणालाच कळलं नाही, मलासुद्धा.

संध्याकाळी सोजराबाई माझ्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. “इंदू,” त्या म्हणाल्या, “चार दीस खोलीत येऊ नगंस. पोर रडतंय.” त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मी बरं म्हटलं.

मला राग यायला हवा होता. मी शाळेत मुलांना ग्रहण कसं लागतं ते चेंडू आणि कंदील घेऊन शिकवत असे. पण राग आला नाही, आणि जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मला वाटलं, खरंच असेल का? मी त्या बाळाकडे फार टक लावून पाहत होते, हे तर मलाच ठाऊक होतं. माझ्या पाहण्यात हाव होती. नवरा कामावर गेल्यावर मी आरसा भिंतीवरून उतरवला आणि उजेडात नेऊन स्वतःचे डोळे पाहत बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चार दिवसांचे आठ झाले. मी खोलीत पाऊल टाकलं नाही आणि तरीही कोळसा रोज तडतडत होता. भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. शिकल्यासवरल्याची नजर भिंतीतूनही लागते, असं दुर्गाबाई म्हणाल्याचं शेजारच्या बाईंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. अशी कामं लोक किती तत्परतेने करतात.

मला एकच गोष्ट उरली होती. त्याच सुमारास अंगणात खांबापासून शेवग्याच्या झाडापर्यंत एक नवी तार बांधलेली दिसू लागली होती, आणि पावसाने जरा उघडीप दिली की तिच्यावर अर्जुनची लंगोटी वाळत पडायची. शाळेतून पाच वाजता आले की मी ती काढायची, घड्या घालायची आणि ओसरीवर ठेवायची. कुणी नको म्हटलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. त्यांना वेखंडाचा वास यायचा. माझ्याच साड्यांचे तुकडे ते. मी ते गालाला लावायची.

त्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब आले होते, म्हणून मला उशीर झाला. मी अंगणात आले तेव्हा दिवेलागण झाली होती. खांबावरचा दिवा लागलेला, भुरभुर पाऊस सुरू झालेला, आणि लंगोटी तशीच तारेवर. आत बाळ रडत होतं, त्यामुळे सोजराबाईंना बाहेर यायला सवड झाली नसणार. मी चपला ओसरीखाली काढून ठेवल्या आणि चिखलातून तारेकडे निघाले.

ज्योतीराम ओसरीवर उभा होता. त्याच्या बायकोने गावाहून बाळासाठी कुंची शिवून पाठवली होती, ती द्यायला तो आला होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, म्हणून बाहेरच थांबला होता. मान तिरपी करून तो काही तरी ऐकत होता.

“बाई,” त्याने विचारलं, “आत काय तडतडतंय?”

“शेगडी.”

“मीठ टाकलंय?”

“नाही. दृष्ट आहे.”

“कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं, आणि ते इतक्या सहज तोंडातून आलं की मलाच धक्का बसला. मी त्याच्याकडे पाठ केली. रडू येण्याआधी लंगोटी काढून आत जावं म्हणून मी तारेकडे हात नेला.

“कोळसा कुठला हाय, बाई?” त्याने विचारलं. आणि लगेच, अगदी हळू, पण मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही ओरडण्यापेक्षा स्पष्ट आवाजात तो म्हणाला, “हात मागं घ्या. तारंला लावू नका. हाय तितंच उभं ऱ्हावा.”

माझा हात तारेपासून वीतभर होता. तो मागे आला. ज्योतीराम पाटीकडे गेला आणि मेन खाली ओढला. अंगण अंधारलं.

“आता या इकडं,” तो म्हणाला.

सोजराबाई बाहेर आल्या. दिवा का घालवला म्हणून विचारू लागल्या. ज्योतीराम आपली पिशवी उघडत होता. त्याने पिशवीतून एक बल्ब काढला, त्याच्या होल्डरला दोन लांब वायरी जोडलेल्या. एका वायरीचं टोक त्याने अंगणातल्या तारेला गुंडाळलं आणि दुसरं एका लोखंडी खिळ्याला बांधून तो खिळा चिखलात रोवला. आम्हा दोघींना ओसरीवर उभं राहायला सांगितलं आणि मेन पुन्हा लावला. खांबावरचा दिवा लागला. आणि त्याच्याबरोबर चिखलात ठेवलेला तो दुसरा बल्बही लागला, मंद, शेगडीतल्या निखाऱ्याएवढा तांबूस. वर तारेवर लंगोटी लोंबत होती.

त्याने परत मेन ओढला.

“ही तार कुटनं आनली, आक्का?” त्याने विचारलं. पण त्याला उत्तर ठाऊक होतं.

सोजराबाईंनी सगळं सांगितलं. कोळसा कुठेच मिळेना. रंभाचे ओठ निळे पडलेले. तेव्हा त्यांना खांबाजवळचं ते अर्धं पोतं आठवलं. दृष्टीसाठी पुरलेलं काही सव्वा महिन्यानंतर ठेवावं लागत नाही, तोवर ते लागू पडलेलं असतं. इथे तर सहा महिने होत आले होते. म्हणून त्यांनी खणलं, कोळसा काढला आणि खड्डा नुसत्या मातीने बुजवला. खणताना तार मध्ये येत होती, ती नळापासून सोडवली. चांगली दणकट तार, टाकायची कशाला, म्हणून तिचं मोकळं टोक शेवग्याला बांधलं. दुसरं टोक खांबाला आधीपासून घट्ट होतंच.

“तूच म्हनला हुतास ना, दृष्टीचं हाय म्हून,” त्या म्हणाल्या.

ज्योतीराम ओसरीवर खाली बसला. कामाच्या ठिकाणी बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. “व्हय,” तो म्हणाला. “मीच म्हनलो.”

मग त्याने आम्हाला थाळीकडे बोट दाखवलं. वायर बाकात शिरते तिथे लोखंडाला घासली असणार आणि पावसाने तिच्यावरचं कापड कुजलं असणार. तिथून वीज खांबात उतरली होती. “खड्डा आसता तर ती जमिनीत ग्येली आसती, फ्यूज उडला आसता, दिवा इजला आसता. तुमी मला शिव्या घालत बोलावलं आसतं, आन् म्या नवी वायर घातली आसती. बास, इतकंच.” दिवसा लंगोटी वाळत घालताना दिवा बंद असायचा म्हणून कुणाला काही झालं नव्हतं. अंधार पडल्यावर त्या तारेला हात लावायला निघालेली मी पहिलीच.

सोजराबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना धाक बसला आहे, उमज पडलेली नाही. ज्योतीरामलाही ते दिसलं. दर खेपेला तो इथेच हार मानायचा. या खेपेला त्याने मानली नाही. तो बराच वेळ रंभाच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिला.

“आक्का, रंभाताई आली तवा टेसनावर कोन ग्येलं हुतं?”

“मी. गाडी जुंपून.”

“न्हाई ग्येला आसता तर?”

“तर काय, ती थांबती व्हय? आली आसती. चिखलातनं, कुनाच्या गाडीत, कशी बी. पोटुशी पोर म्हायेराला निघाल्याव थांबती कुटं.”

“वीज बी तशीच. जमीन तिचं म्हायेर. वायरीतनं जरा कुटं बाहेर पडली, का तिकडं निघाली. आपुन चांगली वाट करून दिली तर त्या वाटंनं गुमान जाती. न्हाई दिली, तर मधी जे घावंल त्याच्यातनं जाती. ह्या बाई मधी घावनार हुत्या. न्हाईतर तुमी. मीठ न् कोळसा ओल धरून ठेवत्यात, म्हून ती वाट. दृष्टीचा त्याच्याशी काय समंद न्हाई.”

एवढं सलग बोललेला ज्योतीराम मी पहिल्यांदाच ऐकला. त्यालाही ते नवीन असावं, कारण बोलून झाल्यावर त्याने पंच्याने तोंड पुसलं.

सोजराबाईंनी मान रंभाच्या दाराकडे वळवली. आत शेगडी अजून तडतडत होती. “म्हंजी,” त्यांनी शेवटी विचारलं, “ते आत वाजतंय...”

“मीठ,” ज्योतीराम म्हणाला. “खड्ड्यातलं मीठ कोळशाला चिकटलंय. दुसरं काय न्हाई.”

आतून दुर्गाबाई बाहेर आल्या, आपलं इरलं उचललं आणि पाऊस वाढायच्या आत घरी जायला हवं असं म्हणत कुणाकडेही न बघता निघून गेल्या. सोजराबाई माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी माझ्या चुलीपुढे बसून रडले. आपण मरता मरता वाचलो हे डोक्यात शिरलंच नव्हतं. माझ्यात वाईट काही नव्हतं हे ठरवायला एक वायरमन यावा लागला, त्याचं रडू येत होतं. आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटत होतं. आरसा मी पुन्हा भिंतीवर लावला.

ज्योतीरामच्या पुढच्या आयुष्याचं इथेच सांगून टाकते, म्हणजे मला शेवट हवा तिथे करता येईल. त्या दिवसानंतर त्याने आपली पद्धत बदलली. पुढच्या दोन-तीन वर्षांत चिंचवडपासून चाकणपर्यंत अंगणात, गोठ्यात, विहिरीवर त्याने कितीक दिवे बसवले. पण खड्डा बुजवण्याआधी तो घरच्या बाईला काठावर उभी करायचा, ते माहेराचं सगळं सांगायचा, आणि मग तिच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचा. घरच्या पुरुषाने म्हटलेलं चालायचं नाही, कारण खणणार ती, पाणी घालणार ती आणि कपडे वाळत घालणारही तीच. बाईला नीट सांगता आलं नाही तर तो दिवा लावत नसे. चाकणला कांद्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने यावरून त्याला परत पाठवलं होतं. आठ दिवसांनी व्यापाऱ्याच्या बायकोनेच सांगावा धाडला, की माझं पाठ झालंय, या. एकोणसाठ साली त्याच्या गावात वीज आली तेव्हा तो महिनाभर रजा घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, बायको काय म्हणाली? तो म्हणाला, “मी सांगायच्या आदीच तिनं समदं म्हनून दाखवलं. पत्रातनं कळवलं हुतं न्हवं.”

आता तो दुसरा दिवस. ज्योतीराम कामावर खाडा करून सकाळीच आला. खांबावरची वायर बदलली, बाकाच्या तोंडाशी रबराची नळी बसवली आणि त्याच जागी खड्डा पुन्हा खणला. कोळसा आणि मीठ त्याने स्वतःच कुठून तरी डोक्यावरून आणलं. कोळशातला निम्मा आधी शेगडीसाठी आत पाठवला. तार शेवग्यावरून सोडवली आणि पुन्हा नळाला बांधली. सोजराबाई डोक्यावर पोतं घेऊन काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं एका दमात म्हणून दाखवलं. दिवसभर पाऊस चालूच होता. मी शाळेतून आले तेव्हा काम झालं होतं आणि तो ओसरीवर चहा पीत होता.

माझ्या दाराशी सोजराबाई आल्या. या वेळी त्या आत आल्या. त्यांच्या हातात अर्जुन होता, माणदेशची कुंची घातलेला, आणि आत कुठेही काहीही तडतडत नव्हतं. त्या माझ्याकडे बघेनात. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

“इंदू, ह्याला धर जरा,” त्या म्हणाल्या. “मला नळाला पानी घालायचंय.”

त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं, तांब्या उचलला आणि पदर डोक्यावर ओढून भर पावसात अंगणात उतरल्या. मी बाळाला घेऊन ओसरीवर आले. नळ तोंडापर्यंत भरून वाहत होता. भोवती घोटाभर पाणी साचलं होतं. त्या तिथे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि तांब्यातलं पाणी अगदी सावकाश, थेंबथेंब ओतत राहिल्या.

ज्योतीरामने कप खाली ठेवला. पावसाळ्यात पाणी घालायची गरज नसते, हे सांगायला त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, अर्जुनकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तो जवळ आला, हात पंच्याला पुसला आणि बोटांच्या पाठी हळूच बाळाच्या गालाला लावल्या. अंगणात सोजराबाईंचा तांब्या रिकामा झाला होता. त्या वळल्या नाहीत. तो त्यांनी नळाखालच्या डबक्यात बुडवून पुन्हा भरून घेतला.